यादीतली दोन नावं

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरात दोघी पास झाल्या. मी आणि माझी आई. माझी मार्कशीट माझ्या शाळेत मिळाली. आईनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली होती, म्हणून तिला तिची घ्यायला दुसऱ्या शाळेत जावं लागलं. संध्याकाळी पप्पांनी दोन्ही कागद चटईवर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि एकदा या कागदाकडं, एकदा त्या कागदाकडं बघत राहिले. मग हसून म्हणाले, "संध्या, आई पुढं गेली की गं तुझ्या." आईला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. आई इतकी लाजली की तिनं स्वतःची मार्कशीट पटकन उचलून घडी घातली आणि म्हणाली, "तिचं काय घेऊन बसलात, तिला शाळेत सगळे विषय एकदम. मी बाई एकच धडा दहा दहा वेळा वाचते, येणारच मला." पुढं ती गेली होती, आणि माझी बाजूही तीच सावरत होती.

आम्ही तेव्हा सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतल्या कॅम्प चारमध्ये, एका जुन्या बराकीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनवर होते. शिफ्ट बदलली की आमच्या घरातलं जेवणाचं, झोपेचं, रेडिओच्या आवाजाचं सगळंच वेळापत्रक बदलायचं. भिंतीपलीकडं ईश्वरी आंटी राहायच्या. त्यांचे पापड दोन्ही घरांच्या दारांसमोर टाकलेल्या खाटांवर वाळायचे, आणि आमच्या घरातल्या सुकटीच्या वासाबद्दल त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, उलट वाटीभर मागून न्यायच्या, "मेरे साहब को मत बताना" असं म्हणत. बराकीच्या मागं जीन्स शिवायचा कारखाना होता. मशिनींची घरघर सकाळी नऊला सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. इतकी सवय झाली होती की रविवारी ती थांबली की कान दुखल्यासारखे वाटायचे. त्या कारखान्यातून पँटींचे गठ्ठे घरी यायचे आणि आई त्यांचे सुटे धागे कापायची. कच्च्या जीन्सचा रंग हाताला लागतो, साबणानं जात नाही. माझ्या आठवणीतल्या आईची बोटं कायम निळी आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती लिंबाच्या फोडी घासत बसली होती. "सुपरवायझर काय म्हणेल, कुठली बाई आली म्हणेल," असं म्हणत.

आईची शाळा नववीत सुटली होती. लग्न ठरलं आणि सुटली, एवढंच ती सांगायची. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावात अक्षरओळख असलेल्या पहिल्या चार-पाच माणसांतले. धर्मांतरानंतर विहारात बसून ते बाकीच्यांना वाचून दाखवायचे. लेकीला नववीतून काढलं हे त्यांना आयुष्यभर लागून राहिलं असं मावशी सांगते. आईनं मात्र त्यांना कधी दोष दिला नाही. मी सातवीत असताना ती एक दिवस पप्पांना म्हणाली, "अहो, संध्या दहावीला जायच्या आधी मी दहावी झाले तर तिला अभ्यास तरी विचारता येईल." पप्पांनी दुसऱ्या दिवशी फॉर्मची चौकशी केली. माझ्यासाठी म्हणून सुरू झालेला तो अभ्यास नंतर तिचा स्वतःचा कधी झाला ते आम्हाला कुणालाच कळलं नाही, तिलाही नसेल.

बारावीला आमच्या दोघींत पुस्तकांचा एकच संच होता. दुपारी पुस्तकं तिच्याकडं, रात्री माझ्याकडं. सकाळी भाकरी थापताना ती इतिहासाची उत्तरं मोठ्यानं म्हणायची. परातीवर थप थप आणि मधेच, "कारण पहिलं... कारण दुसरं..." तिसरं कारण आठवलं नाही की हात तसाच पिठात थांबायचा, तवा धुरकटायचा आणि ती ओरडायची, "संध्या, तिसरं सांग गं, भाकरी करपतेय!" आंटी भिंतीपलीकडून हसायच्या. "सुमन, तू तो वकील बनेगी!" आई म्हणायची, "क्या आंटी, पहले पास तो होने दो." आज मी पुस्तक उघडून एकटी बसते तेव्हा माझी मान मोडते, डोळे मिटतात. त्या वर्षी मला कधी झोप आली नाही, कारण समोर ती असायची, आणि तिला झोप येत नसे.

आमच्या शाळेला अकरावी-बारावी जोडलेली होती. तोच युनिफॉर्म, त्याच दोन वेण्या, त्याच बाई. त्यामुळं खरं कॉलेज म्हणजे एफ. वाय., हे आम्हा दोघींच्या मनात पक्कं होतं. आई मला विचारायची आणि मला काही माहीत नसताना मी ठोकून द्यायचे. प्राध्यापक उभे राहून शिकवतात की बसून? लेक्चर चालू असताना पाणी प्यायला उठलं तर चालतं का? बाकावर किती जणी? तिला बाकाचं फार होतं. आयुष्यभर जमिनीवर बसून काम केलेली बाई, तिला वाटायचं टेकायला लाकूड आणि वही ठेवायला उतरतं फळकूट असलं की माणूस आपोआप शहाणा होतो. मला मात्र कॉलेजकडून वेगळंच हवं होतं, आणि ते मी तिला सांगितलं नव्हतं. मला अशा ठिकाणी जायचं होतं जिथं मला कुणी ओळखत नाही. बराकीतली संध्या नाही, धागेवालीची पोरगी नाही. केस मोकळे सोडायचे, मैत्रिणींशी हिंदीत फटाफट बोलायचं, आणि घर कुठं विचारलं तर नुसतं "कॅम्प चार" म्हणून विषय बदलायचा. दोघीही कॉलेजची वाट बघत होतो. एकमेकींना सांगितलं असतं तर दोन वेगळ्या कॉलेजांची वाट बघतोय हे कळलं असतं.

फॉर्म आणायला मी एकटी गेले. दोन फॉर्म घेतले. रांगेत माझ्या पुढं वर्षा होती, वडील बँकेत, अंबरनाथला स्वतःचा फ्लॅट, बोलायला अगदी मोकळी. तिनं विचारलं, "दोन कशाला?" मी म्हटलं, "एक खराब झाला तर." रांगेतला तो अर्धा तास आम्ही इतक्या बोललो की मला वाटलं, हेच ते कॉलेज. घरी आल्यावर आईनं तिचा फॉर्म आधी पेन्सिलीनं भरला, मग पेनानं, मग पेन्सिल खोडली.

त्याच आठवड्यात ती कॅम्प दोनच्या बाजारातून कापड घेऊन आली. कटपीसचा मोठा तुकडा, फिकट हिरवा, त्यावर बारीक पांढरी फुलं. "दुकानदार फाडून देईना," ती म्हणाली, "म्हटलं बरंच झालं, दोन होतील." तिनं शेजारणीच्या मशीनवर दोन पंजाबी ड्रेस शिवले. एक माझा, एक तिचा. माझ्या आईनं लग्नानंतर साडीशिवाय काही नेसलेलं नव्हतं. ड्रेस घालून ती आतल्या खोलीतून बाहेर आली, ओढणी दोन्ही हातांनी धरून, आणि म्हणाली, "कॉलेजात साडी बरी दिसणार नाही ना, सगळ्या पोरीच असणार. कशी दिसते?" पप्पा म्हणाले, "दोघी बहिणी बहिणी." तिला इतका आनंद झाला की तिनं आंटींना बोलावून दाखवलं. मी हसले, पण मनात वर्गच दिसला. एकाच कापडाचे दोन ड्रेस, एकाच बाकावर. त्या रात्री जेवताना मी एवढंच म्हटलं, "आई, पहिल्या दिवशी तू दुसरं काहीतरी घाल हां." ती लगेच म्हणाली, "हो हो, मी साडीच नेसेन." मला वाटलं, विषय संपला.

यादी लागली त्या दिवशी ती साडी नेसूनच आली. आम्ही चालत गेलो. फाटकापाशी तिनं चप्पल झटकली, देवळाबाहेर झटकतात तशी, आणि मला ते दिसू नये म्हणून मी पुढं झाले. नोटीस बोर्डापाशी ही गर्दी. आई म्हणाली, "तू बघून ये, मी नळावर पाणी पिते." मी गर्दीत घुसले. यादी मार्कांप्रमाणं होती. आईचं नाव आधी सापडलं, माझं सहा-सात नावं खाली. साळवे सुमन भास्कर. साळवे संध्या भास्कर. बाईच्या नावामागं नवऱ्याचं नाव लागतं, मुलीच्या नावामागं बापाचं, त्यामुळं कागदावर आम्ही खरोखरच बहिणी दिसत होतो. मला एक क्षण उडी मारावीशी वाटली होती, हे मी खोटं सांगत नाही. मी मागं वळून तिला हाक मारणारच होते.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. वर्षा. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या, चांगल्या शाळेतल्या, एकीच्या हातात गॉगल. वर्षानं यादीवर बोट फिरवलं. "तू लागलीस! आणि ही सुमन भास्कर कोण? तुझी मोठी बहीण?"

मी म्हटलं, "नाही गं. मला नाही माहीत. असेल कुणीतरी."

"वडिलांचं नाव पण तेच?"

"असतं कधी कधी."

मी हे बोलत होते आणि वर्षा माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. मी वळले. आई दोन पावलांवर उभी होती. पदरानं तोंड पुसत होती. केव्हा आली होती मला माहीत नाही. वर्षानं अगदी सहज, चांगल्या मनानं विचारलं, "या कोण? तुझी आई का?"

तेव्हा नुसतं "हो" म्हणायचं होतं. त्या एका अक्षराला मी पुढं किती वर्षं शोधलं. मी म्हणाले, "शेजारच्या काकू आहेत. सोबत आल्यात."

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या मुलाच्या हातून भर रस्त्यात काही सांडावं आणि आईनं आधी ते लोकांच्या नजरेआड करावं, तसं बघितलं आणि वर्षाला म्हणाली, "हो, हिच्या आईला बरं नाही ना, म्हणून मी आले. पोरगी एकटी कशी पाठवायची." वर आणखी म्हणाली, "हुशार आहे हो आमची संध्या. हिला सांभाळून घ्या तुम्ही."

वर्षा म्हणाली, "हो काकू."

त्याच दिवसापासून प्रवेश घेता येत होता. खिडकीसमोर दोन रांगा होत्या. आईच्या पिशवीत दोघींचे कागद होते, खाली तिचे, वर माझे. तिनं माझे काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "जा, तू उभी राहा. मी बसते तिथं सावलीत." मी विचारलं, "आणि तू?" मी विचारलं, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. ती म्हणाली, "आधी तुझं होऊ दे." माझं झालं. पाऊण तास लागला. मी बाहेर आले तेव्हा ती एका दगडी ओट्यावर बसली होती, पिशवी मांडीवर, आणि आत जाणाऱ्या मुलींकडं बघत होती. "झालं? चला," म्हणाली. परतीच्या वाटेवर तिनं भाजी घेतली, भाजीवाल्या सिंधी बाबाशी मेथीच्या जुडीवरून वाद घातला, आंटींचा मुलगा कुठं नोकरीला लागला ते सांगितलं. माझ्याशी एक शब्द वावगा बोलली नाही. ती बोलली असती तर मी रडले असते, आणि रडले असते तर कदाचित सगळं निस्तरलं असतं.

पप्पा घरी आले ते पेढे घेऊनच. "काय कॉलेजकुमारी? दोघी?"

आई चुलीपाशी... खरं म्हणजे तेव्हा स्टोव्ह होता आमच्याकडं, तरी माझ्या तोंडात चूलच येते. आई स्टोव्हला पंप मारत म्हणाली, "संध्याचं झालं. माझं नाव नाही लागलं."

"असं कसं? तुझे मार्क जास्त आहेत."

"वयाचा काहीतरी नियम असेल त्यांचा."

"कसला नियम? मी उद्या अर्धी सुट्टी टाकतो. विचारतो त्यांना. बाहेरून परीक्षा दिली म्हणून काय माणूस नाही का?" पप्पांचा आवाज चढला. युनियनच्या मीटिंगमध्ये चढायचा तसा.

"काही जायचं नाही तुम्ही," आई म्हणाली. मी तिला पप्पांशी त्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मीच कंटाळले. घरचं कोण बघणार, गठ्ठे कोण करणार? बारावी झाले, पुष्कळ झालं." मग आवाज उतरवून, "पेढा द्या ना पोरीला."

पप्पा माझ्याकडं बघत होते. मी पेढा खाल्ला.

प्रवेशाची मुदत तीन दिवस होती. हे तीन दिवस मला माझ्या पुढच्या पुष्कळ वर्षांपेक्षा जास्त लख्ख आठवतात. पहिल्या दिवशी मी मनाशी म्हटलं, ती स्वतःच म्हणाली ना कंटाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती धागे कापत होती आणि तिच्या समोर पुस्तक नव्हतं. तिच्यासमोर पुस्तक नसलेलं मी पाच वर्षांत पहिल्यांदा बघितलं. ती कात्रीकडंच बघत होती. संध्याकाळी तिनं तिचा हिरवा ड्रेस उसवायला घेतला, माझ्या मापाचा करायला. "तुला दोन झाले, एक धुवायला एक घालायला," म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, आज शेवटचा दिवस आहे."

"कशाचा?"

मला पुढचं वाक्य माहीत होतं. 'चल, मी येते तुझ्याबरोबर, वर्षाला सांगते तू माझी आई आहेस.' एवढंच होतं. मी तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर त्या गॉगलवाल्या मुलीचा चेहरा आला. आईनं पाच मिनिटं तरी वाट बघितली असेल. मग तिनंच दाताखाली दोरा तोडला आणि म्हणाली, "जा, अंघोळ करून घे. पाणी जाईल."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सगळं चांगलंच झालं. मी बी. ए. झाले, बी. एड. केलं, बदलापूरच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. आईनं पुन्हा कसलाही फॉर्म भरला नाही. पप्पांना खरं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते कॉलेजवाल्यांना नावं ठेवतच गेले. आई शेवटची चार वर्षं माझ्याकडं बदलापूरलाच होती. एकदा गॅलरीत तिच्या केसांना तेल लावताना मी धीर केला. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणून जमलं. म्हटलं, "आई, ती यादी आठवते का गं तुला?" ती म्हणाली, "कसली, वाण्याची?" मी म्हटलं, "नाही, कॉलेजची." ती मान पुढं करून म्हणाली, "तेल कानामागं पण लाव." मी लावलं. तिला मी काय विचारतेय ते कळलं होतं की नव्हतं, याचा मी आजही विचार करते. कळलं होतं.

पण मला शेवटी सांगायचंय ते कॉलेजच्या पहिल्या दिवसाबद्दल. हे मी माझ्या मुलीलाही सांगितलेलं नाही.

पहिलं लेक्चर मराठीचं होतं. खोली मोठी, पंखे खडखडणारे, बाक खरोखरच उतरत्या फळकुटाचे. मी आणि वर्षा तिसऱ्या बाकावर बसलो. पुढच्या बाकावर एक बाई बसली होती. आधी मला वाटलं मॅडमच आहेत. साडी, अंबाडा, पायात साध्या चपला, समोर खाकी कव्हर घातलेली नवी वही. वय असेल पस्तीस-छत्तीस, माझ्या आईएवढंच. सर आले, त्यांनी हजेरी घेतली, तिचं नाव आल्यावर ती चटकन उभी राहून "हजर" म्हणाली, शाळेतल्यासारखी. वर्ग हसला. मी मान खाली घातली, आता काय होणार म्हणून. पण ते हसणं चांगलं होतं. सरही हसले, म्हणाले, "बसा ताई. इथं बसूनच म्हणायचं. कुठून येता?" ती म्हणाली, "बदलापूर. अंगणवाडीत आहे. दोन पोरं शाळेत आहेत." सर म्हणाले, "छान. पुढचाच बाक धरून ठेवा." मधल्या सुट्टीत तीन-चार जणी तिच्याभोवती डबा उघडून बसल्या. ती गॉगलवाली मुलगी तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटत होती आणि तिला मावशी म्हणत होती. वर्षा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कसली भारी आहे ना? या वयात! माझ्या मम्मीला सांगितलं पाहिजे." त्या बाईच्या बाकावर शेजारची जागा मी निघेपर्यंत रिकामीच होती.

मी शेवटची दोन लेक्चरं न करताच निघाले. सरळ घरी गेले नाही. कॅम्प चारच्या चौकात उगाच दोन फेऱ्या मारल्या. घरी आले तेव्हा आई दारातच होती. गठ्ठा बाजूला सारला होता, केस विंचरले होते. मला पाणी दिलं, ताट वाढलं आणि समोर मांडी घालून बसली. "सांग," म्हणाली. मी सांगत गेले. सर उभे राहून शिकवतात. पाणी प्यायला उठलं तर चालतं. बाकावर तिघी. ती प्रत्येक गोष्टीला "हो?" म्हणत होती, जणू मी एखाद्या लांबच्या गावाहून आले होते. पहिली कविता कोणती शिकवली ते विचारलं, अर्थ विचारला, मला अर्थ धड सांगता आला नाही.

मग ती भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "वर्गात माझ्या वयाची कुणी होती का गं?"

मी म्हटलं, "नाही. सगळ्या आमच्याच वयाच्या आहेत."

आईनं श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. "बघ," ती म्हणाली, "तेच म्हटलं मी. मी एकटीच कशी दिसले असते." आणि तिनं माझ्या ताटात तिच्या ताटातली अर्धी भाकरी टाकली.